खारीच्या गावात क्रोसाँ

गुरुवार

बडोद्याला निघालं की ओळखीचे लोक खाण्याची यादी देतात. महाकालीची सेव-उसळ, जगदीशचा लीलो चेवडो, दुलीरामचे पेढे, दांडिया बाजारात कॅनरा कॉफी हाउसची पुना मिसळ. हे सगळं मी लहानपणापासून मावशीकडे राहून खात आले आहे आणि त्यातलं काहीही सोडू नका असंच सांगेन. या खेपेला मात्र मी एकाच गोष्टीच्या मागे होते: बडोद्यात चांगला क्रोसाँ कुठे मिळतो?

बडोदाच का, याला कारण आहे. क्रोसाँ हा पापुद्र्यांचा फ्रेंच पाव: मैदा, दूध, यीस्ट, थोडी साखर, मीठ आणि बटर. त्यातही सगळी मदार बटरवर. आणंद बडोद्याहून जेमतेम चाळीस किलोमीटर. १९४६ साली खेडा जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांनी तिथे संघ काढला आणि पुढे त्यातूनच अमूल उभं राहिलं. म्हणजे बटर शेजारच्या गावचं. शिवाय पदर सुटलेला मैदा हे बडोदेकरांचं रोजचं खाणं. सकाळी चहाबरोबर खारी, संध्याकाळी आलू पफ. घड्या घालणारे हात या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे क्रोसाँ चांगला व्हायलाच हवा, असं मला मनापासून वाटत होतं.

दादरहून रात्री सुटणाऱ्या गाडीने पहाटे उतरले. जानेवारीचा तिसरा आठवडा, हवेत चांगलाच गारवा. संक्रांत होऊन गेली होती, तरी झाडांत आणि विजेच्या तारांवर फाटके पतंग अडकलेले होते, आणि तुटक्या मांज्याच्या भीतीने रिक्षावाल्याने गळ्याला मफलर घट्ट गुंडाळला होता. काळा घोडा चौकापाशी विश्वामित्री नदी ओलांडून आम्ही दांडिया बाजारात शिरलो तेव्हा मावशी गॅलरीत उभीच होती.

"आलीस? हातपाय धू, चहा टाकलाय. काकांनी खारी आणून ठेवली आहे."

काका रिफायनरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पहाटे फिरायला जायचं आणि येताना ताजी खारी आणायची हा त्यांचा नेम. ती खारी या वेळी मी नीट निरखून खाल्ली. मधून मोडली की पापुद्रे सुटे होतात, बशीत चुरा पडतो, चहात बुडवली की पाहता पाहता मऊ पडते. खारीत यीस्ट नसतं. मैद्याच्या लाटीवर वनस्पती किंवा मार्जरीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली बटर, पसरायचं, घडी घालायची, लाटायची, पुन्हा घडी. मग आतपर्यंत कोरडी होईतो मंद आचेवर भाजायची. क्रोसाँ तिचाच नातलग, पण त्याच्या पिठात यीस्ट असतं. त्यामुळे तो बाहेरून खारीइतका कुरकुरीत आणि आतून मऊ, जाळीदार असावा लागतो. दोन्ही एका वेळी साधणं हीच त्यातली अवघड गोष्ट.

नऊच्या सुमारास काका मला त्यांच्या बेकरीत घेऊन गेले. खंडेराव मार्केटच्या १९०६ सालच्या देखण्या इमारतीत आता महापालिकेचं कार्यालय आहे आणि मागे भाजी-फुलांचा बाजार भरतो. तिथून दोन गल्ल्या सोडून ही बेकरी. काचेच्या कपाटात खारी, टोस्ट, नानखटाई, जिरा बिस्किटं आणि पफ. क्रोसाँ नव्हता, असेल अशी अपेक्षाही नव्हती. मला तिथल्या वयस्क कारागिराशी बोलायचं होतं. बटर घालून खारी करता का, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. "बेन, उनाळामां माखण टके नहीं."

एवढ्या एका वाक्यात बडोद्याच्या क्रोसाँची सगळी अडचण आली. बटर साधारण बत्तीस ते पस्तीस अंशांना वितळतं. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असतो. वातानुकूलित खोलीशिवाय तेव्हा बटरचे पदर टिकणं शक्यच नाही. वनस्पती आणि बेकरीचं मार्जरीन जास्त तापमान सोसतं, म्हणून जुन्या भट्ट्यांनी तेच धरलं. त्यांचं काही चुकलं नाही. खारीला ते चालतं, कारण खारी चहात बुडते. क्रोसाँ कोरडाच खायचा असतो आणि तिथे लगेच कळतं.

ते कसं कळतं, याचा अनुभव दुपारीच आला. अलकापुरीत नव्या धर्तीची कॅफे ओळीने आहेत. पहिल्याच कॅफेत क्रोसाँ दिसायला फार सुंदर होता: फुगलेला, चकचकीत, टोकं नीट आत वळलेली. मुलाने तो उचलला आणि विचारायच्या आत मायक्रोवेव्हमध्ये टाकला. मायक्रोवेव्हमध्ये आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तीच बाहेरच्या पापुद्र्यात शिरते. बशीत आला तो नरम, ओढला की लांबणारा. एक घास खाल्ल्यावर टाळूला तेलकट थर बसला आणि पाणी प्यायले तरी गेला नाही. हीच मार्जरीनची खूण. आपलं अंग सदतीस अंशांचं. बटर त्याच्या आतच वितळतं, म्हणून ते तोंडात पाण्यासारखं होऊन निघून जातं आणि मागे फक्त वास राहतो. जे स्निग्ध त्याहून वरच्या तापमानाला वितळतं, ते टाळूलाच बसून राहतं. यंत्राची, प्रयोगशाळेची गरज नाही. घास गिळल्यावर जीभ टाळूला लावून बघायची.

पुढच्या कॅफेत मी आधीच सांगितलं की गरम करू नका. हा बरा होता, बटरचाही होता, पण सकाळी भाजलेला दुपारी चारला खाल्ला, तेव्हा वरचा पापुद्रा चिवट झालेला. क्रोसाँचं आयुष्य सकाळपुरतंच असतं. दुपारनंतर तो विकत घेणं म्हणजे पैसे वाया.

शुक्रवार

आजचा दिवस किराणा दुकानं आणि सुपरमार्केटचा. माझी मावसबहीण, ताई, विद्यापीठाच्या होम सायन्समध्ये अन्न आणि पोषण शिकलेली. तिला बरोबर घेतलं, कारण पाकिटाच्या मागचं वाचण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

पाकीटबंद क्रोसाँ आता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो, दहा-वीस रुपयांत, आत चॉकलेट किंवा व्हॅनिलाचं सारण भरलेला. मुलं तो आवडीने खातात. ताईने दुकानातच पाकीट उलटं केलं. "घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पहिला मैदा, ठीक. आता पुढे बघ." पुढे वनस्पती तेल आणि साखर, मग ओलावा धरून ठेवणारे आणि बुरशी रोखणारे पदार्थ. काही महिने टिकायचं तर ते लागणारच, ती म्हणाली. त्यात फसवणूक काही नाही, सगळं पाकिटावर छापलेलं आहे. तिने एक चांगली गोष्टही सांगितली. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-तुपातल्या, हृदयाला घातक अशा औद्योगिक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे बेकरीच्या मालाबद्दल आमच्या लहानपणी जी काळजी असायची ती बरीच कमी झाली. पण मी शोधत होते तो क्रोसाँ या पाकिटात नव्हता. तो चंद्रकोरीच्या आकाराचा गोड, मऊ पाव आहे. मुलांच्या डब्यासाठी चालेल, एवढंच त्याच्याबद्दल म्हणेन.

जुन्या पादरा रोडवरच्या मोठ्या सुपरमार्केटात दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या. एक, दुकानातल्याच बेकरी काउंटरवर प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेले चार-चार क्रोसाँ. गरम असतानाच डब्यात भरलेले असावेत, कारण झाकणाला आतून पाण्याचे थेंब होते. तसा डबा कधी घेऊ नये. त्यातला क्रोसाँ दमट होणारच, मग बटर कितीही चांगलं असो.

दुसरी गोष्ट डीप फ्रीझरमध्ये सापडली: कच्चे, घड्या घालून वळलेले, गोठवलेले क्रोसाँ. घरी आणून फुगू द्यायचे आणि भाजायचे. दोन कंपन्यांचे होते. दोन्ही पाकिटांवर पुढे बटरचं नाव मोठ्या अक्षरांत. ताईने लगेच मागे बघितलं. पुढे एखाद्या घटकाचं नाव मिरवलं असेल तर मागे त्याचं प्रमाण शोधायचं. एकाच्या यादीत बटर नावापुरतं आणि वर 'खाद्य वनस्पती स्निग्ध'. दुसऱ्यात बटर तेवीस टक्के आणि दुसरं कुठलंही तेल नाही. आम्ही दुसरं घेतलं.

रात्री ते ट्रेमध्ये लांब लांब ठेवून स्वयंपाकघरात झाकून ठेवले आणि दिवाणखान्यात बसलो. काकांनी त्यांची आवडती गोष्ट काढली. १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पहाटे उठणाऱ्या बेकरीवाल्यांनी भुयार खणण्याचा आवाज ऐकला, शहर वाचलं आणि त्या आनंदात त्यांनी तुर्कांच्या झेंड्यावरच्या चंद्रकोरीचा पाव केला.

"काका, गोष्ट छान आहे, पण तिला त्या काळचा पुरावा नाही," मी म्हटलं. "ऑस्ट्रियात किफेर्ल नावाचा चंद्रकोरीचा पाव वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होता."

"मग फ्रान्सला कुणी नेला?"

त्याचं उत्तर पक्कं आहे. ऑगस्ट त्सांग नावाचा ऑस्ट्रियन, आधी तोफखान्यात अधिकारी होता. १८३८-३९ च्या सुमारास त्याने पॅरिसमध्ये रिशलिए रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. तिथला किफेर्ल पॅरिसकरांनी उचलला, आकारावरून त्याला क्रोसाँ म्हणजे चंद्रकोर म्हणू लागले. पण तो भरीव पाव होता. बटरच्या घड्यांचा, पापुद्रे सुटणारा आजचा क्रोसाँ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच बेकरीवाल्यांनी घडवला. काकांना त्यांची गोष्ट सोडवेना. तरी त्सांगचं नाव त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मावशीने एक गोष्ट आणखी विचारली, जी बडोद्यात महत्त्वाची आहे. "ह्यात अंडं असतं का गं?" मुळात पिठात अंडं लागतच नाही. भाजायच्या आधी वरून चमक यावी म्हणून फेटलेलं अंडं लावतात, तेवढंच. इथल्या बहुतेक बेकऱ्या अंड्याऐवजी दूध-मलई लावतात. रंग थोडा फिका येतो, चवीत फरक पडत नाही. त्यामुळे शाकाहारी क्रोसाँ हा काही दुय्यम प्रकार नाही, हे मावशीला सांगताना मला बरं वाटलं.

शनिवार

गोठवलेले क्रोसाँ सकाळी ताईच्या ओव्हनमध्ये भाजले. मला ते मनापासून आवडले. घरात बटरचा वास भरला, वरचा पापुद्रा खरंच कडकडला. आतली जाळी थोडी दाट होती. अलकापुरीच्या दोन्ही कॅफेंपेक्षा ते सरस होते, आणि घरी ओव्हन असेल त्याने बाहेर धावपळ करण्याआधी असं शुद्ध बटरचं पाकीट शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग रेसकोर्सच्या बाजूच्या एक-दोन जागा बघितल्या. एकीकडे बदामाचा क्रोसाँ चांगला होता. पण बदामाच्या क्रोसाँत बहुधा आदल्या दिवशीचा माल पाकात भिजवून, सारण भरून पुन्हा भाजतात. ती फ्रान्सचीच जुनी रीत आहे आणि अन्न वाया जाऊ न देण्याची उत्तम रीत आहे. बेकरीचा कस मात्र साध्या क्रोसाँतच लागतो, म्हणून मी सगळीकडे साधाच मागत होते.

ताई म्हणाली, फतेहगंजला जाऊ या. आर्ट्स फॅकल्टीचा भलामोठा घुमट डावीकडे ठेवून आम्ही पुढे गेलो. फतेहगंज म्हणजे जुना लष्करी कँप. चर्च, वसतिगृहांतली मुलं, नाताळचे केक. पाव-केकची सवय या भागाला बाकीच्या शहराच्या आधीपासूनची. एका आडरस्त्यावर लहानसं दुकान, बाहेर दोन बाकडी, पाटीही साधी. साडेदहा वाजले होते आणि ट्रेमध्ये तीनच क्रोसाँ उरले होते. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

रंग अलकापुरीच्या मानाने गडद, पिंगट तपकिरी. उचलला तर आकाराच्या मानाने अगदी हलका. ताईने कागदी पिशवी उजेडात धरली, डाग पुसट होता. बटर गळलेलं नव्हतं. मधून तोडला तेव्हा वरचे पापुद्रे फुटून सगळ्या टेबलावर उडाले, आणि आत मोठमोठी, एकमेकींना लागून असलेली पोकळ घरं, मधमाशांच्या पोळ्यासारखी. रंग मात्र पांढराशुभ्र. फ्रेंच फोटोंतला क्रोसाँ आत पिवळा असतो, म्हणून इथे लोकांना शंका येते. त्याचं कारण दुधात आहे. गायीच्या दुधात कॅरोटीन उतरतं, त्याचा तो पिवळेपणा; आपल्याकडचं बटर बरंचसं म्हशीच्या दुधाचं, ते मुळातच पांढरं. दुकानातल्या पिवळ्या टेबल बटरला रंग वरून दिलेला असतो. त्यामुळे बडोद्यात पिवळेपणावर जाऊ नका.

जीभ टाळूला लावून बघितली. काही नाही. बटरचा वास, किंचित आंबूस गोडी, बस्स.

गल्ल्यावरच्या गृहस्थांना मी गुजरातीत विचारायला लागले तर ते मराठीतच बोलले. "मी नवापुऱ्यातलाच. आमचे आजोबा गायकवाडीत कोकणातून आले. ते आणि बाबा दोघंही खारीच्या भट्टीवर होते." ते स्वतः मुंबईत एका हॉटेलच्या बेकरीत काही वर्षं काढून परतलेले. मी इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "ताई, सांगून कळणार नाही. उद्या पहाटे चारला या. घड्या घालताना दाखवतो."

रविवार

पावणेचारला काकांनी स्कूटर काढली. मावशी म्हणाली, "अहो, कानाला रुमाल बांधा," आणि दोघांनाही बांधायला लावला. विश्वामित्रीच्या पुलावर इतकी थंडी होती की हात बधिर झाले. याच नदीत मगरी आहेत आणि थंडीत दिवसा त्या काठावर ऊन खात पडतात, हे काकांनी स्कूटर चालवता चालवता मला पुन्हा एकदा सांगितलं.

दुकानाच्या मागे एक लांबट खोली. एका टोकाला संगमरवरी ओटा, दुसऱ्या टोकाला ओव्हन, मधे फ्रीज. एका बंद कपाटात ट्रेवर आजचे क्रोसाँ फुगायला ठेवलेले. तळाशी कोमट पाण्याचं भांडं. कपाटाला तापमापक लावलेला, सव्वीस अंश. "याच्या वर गेलं की बटर सुटतं आणि ट्रेमध्ये तळं होतं. खाली राहिलं की फुगत नाही. उन्हाळ्यात मला एसी लावून हवा खाली आणावी लागते, आत्ता पाणी ठेवून वर." आदल्या रात्री वळून फ्रीजमध्ये ठेवलेले ते अडीचला बाहेर काढले होते. त्यांनी ट्रे हलकेच हलवला. सगळे क्रोसाँ थरथरले. "झाले."

ते ओव्हनमध्ये गेले आणि मालक उद्याच्या पिठाकडे वळले. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये विसावलेलं होतं. एक किलो मैद्याला पाचशे ग्रॅम बटर, बिनमिठाचं. बटरची त्यांनी आधीच बोटभर जाडीची चौकोनी लादी केली होती. ती हातात उचलून वाकवली. लादी वाकली, तडकली नाही. "हे सगळ्यात महत्त्वाचं. फार गार असलं तर लाटताना आत तुकडे होतात, मऊ झालं तर पिठात मुरतं. दोन्हीत पदर मेले. पीठ आणि बटर सारखंच घट्ट लागतं हाताला, तेव्हाच सुरू करायचं." म्हशीच्या दुधाचं बटर गायीच्या बटरपेक्षा जरा जास्त घट्ट असतं आणि बडोद्याच्या हवेत त्याचा फायदाच होतो, असं ते म्हणाले. घरचं लोणी चालेल का, असं काकांनी विचारलं. नाही चालत. त्यात पाणी जास्त असतं, लाटताना फुटतं. बाजारच्या बटरमध्ये किमान ऐंशी टक्के स्निग्ध असतं आणि पाणी सोळा टक्क्यांच्या आत.

हे सोळा टक्के पाणीच पुढे काम करतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि ती प्रत्येक पदराला वरच्या पदरापासून उचलते. यीस्ट पीठ फुगवतं, वाफ पदर सोडवते. खारीत फक्त दुसरं काम होतं.

लादी पिठात गुंडाळली. लाटणं चालवलं, एकाच दिशेने, कडा सरळ ठेवत. लांब पट्टा झाला. पत्र घडी घालावी तशी तीन पदरी घडी घातली आणि फ्रीजमध्ये. पुढच्या तुकड्याची दुसरी घडी आधी झालेली होती, तिची तिसरी आमच्यासमोर घातली. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस: बटरचे सत्तावीस थर. मी विचारलं, खारीला किती? ते हसले. "बाबा सहा घड्या घालायचे. सातशेच्या वर जातात थर. क्रोसाँला एवढे घातले तर आत जाळीच राहणार नाही, सगळं एकजीव. मुंबईत मला पहिले सहा महिने कमी घड्या घालायला शिकवावं लागलं. हात थांबायचाच नाही."

हे ऐकून मी त्या खोलीत उभी राहून त्यांच्या हाताकडेच बघत राहिले. लाटण्यावरचा दाब दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखा. घडीच्या कडेवर मैदा राहिला तर चिकटत नाही, म्हणून दर घडीआधी मऊ ब्रशने झटकायचा. कोपरे अंगठ्याने हलके ओढून काटकोनात आणायचे. यातलं एकही काम त्यांना मुंबईच्या हॉटेलने शिकवलं नव्हतं. ते नवापुऱ्याच्या भट्टीवर, खारीवर शिकलेलं होतं. अलकापुरीच्या महागड्या कॅफेंत यंत्रं आहेत आणि माल गोठवलेला येतो. इथे ओटा आहे आणि तीन पिढ्यांचा हात. फ्रान्सची वस्तू बडोद्यात इतकी नीट कशी होते, याचं उत्तर माझ्यासाठी त्या ब्रशमध्ये होतं.

त्रिकोण कापले, तळाशी साधारण चार बोटं रुंद. रुंद बाजूकडून टोकाकडे वळले, न दाबता. दाबलं की आतले पदर चिकटतात. टोक खाली जायला हवं, नाहीतर भाजताना उलगडतं. त्यांनी सगळे सरळच ठेवले, टोकं वळवली नाहीत. फ्रान्समध्येही शुद्ध बटरचा क्रोसाँ सरळ आणि मार्जरीनचा वळवलेला, असा बेकऱ्यांचा रिवाज आहे. बडोद्यात हे कुणी विचारत नाही, पण ते पाळतात.

ओव्हन उघडला. वर दूध-मलई लावलेली होती, रंग गडद यावा म्हणून शेवटची चार मिनिटं आच वाढवली होती. काका हात पुढे करणार तोच मालकांनी थांबवलं. "काका, वीस मिनिटं. आत अजून शिजतोय." जाळीवर ठेवलेल्या क्रोसाँतून बारीक तडतड ऐकू येत होती, पापुद्रे गार होताना आवळतात त्याची. वीस मिनिटांनी खाल्ला. कालच्या साडेदहाच्या क्रोसाँतही एवढा वास नव्हता. काकांनी खाऊन झाल्यावर बशीतला चुरा बोटाने टिपला आणि विचारलं, "चहा मिळेल का?" चहा आला. त्यांनी दुसरा क्रोसाँ चहात बुडवला. फ्रान्समध्ये लोक कॉफीत बुडवतातच, मालक म्हणाले, आणि स्वतःही एक बुडवला.

दुपारी घरी उंधियूचा बेत होता. संध्याकाळी सुरसागरच्या काठाने फेरी मारली आणि लवकर झोपलो. आणखी बेकऱ्या बघायची इच्छा नव्हती, गरजही नव्हती.

सोमवार

गाडी दुपारची. सकाळी सातला पुन्हा फतेहगंज, कारण मुंबईला न्यायचे होते. पूर्ण गार झालेले क्रोसाँ मालकांनी कागदात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात दिले. प्लॅस्टिक नको, खोक्याला भोकं हवीत. घरी पोचून एकशेसाठ अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवले की पापुद्रा परत येतो. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, झाकण न ठेवता, मंद आचेवर. रात्री मी तसंच केलं. ताज्याची सर नाही, तरी अलकापुरीत दुपारी खाल्लेल्यापेक्षा कितीतरी वरचा.

मावशीने जाताना खारीचा पुडाही दिला. तोही आवडीने आणला.

बडोद्याला जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. क्रोसाँ सकाळी दहाच्या आत घ्या. गरम करू नका म्हणून आधीच सांगा. कुठलं बटर वापरता, असं गल्ल्यावर सरळ विचारा. जो बटर वापरतो तो आनंदाने सांगतो आणि जो मार्जरीन वापरतो तो विषय बदलतो, असाच मला अनुभव आला. पाकिटावर पुढचं चित्र सोडून मागची यादी वाचा. फतेहगंजच्या त्या दुकानात होळीपर्यंत रोज माल असतो. पुढे उन्हाळ्यात ते फक्त शनिवार-रविवारी करतात, तेही आदल्या दिवशी सांगितलं तर, कारण एसी लावूनही एका वेळी एकच तुकडा लाटता येतो. मावशीने फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारसाठी आत्ताच डझनभर सांगून ठेवले आहेत, हळदीकुंकवाला.